न पोळणारा हात

संस्कृतांत 'विद्' ह्या धातूचा अर्थ जाणणें असा आहे. वेद आणि विद्या हे शब्द ज्या धातूपासून झाले, त्याच धातूपासून 'वेदना' हा शब्दही झाला. वेदना म्हणजे आधीं जाणीव, आणि मग दुःख. दुःखाला जाणिवेचेंच नांव देण्यांत भाषेनें मोठें शहाणपण दाखविलें आहे. कारण शरीराला दुखतें म्हणजेच शरीराला कळतें. तापलेल्या तव्याला लागलेला हात आपण विचार करून मागें घेत नाहीं. विचार सुचण्याच्या आधींच तो मागें आलेला असतो. दुःख हा अशा रीतीनें देहाच्या दाराशीं बसविलेला राखणदार आहे. राखणदाराची कटकट कोणासच आवडत नाहीं हें खरें. परंतु तो निजला म्हणजे घराची काय दशा होते, हें सांगावयास नको.

ही राखण हळूहळू, घरांत कोणास सुगावा न लागतां, नाहींशी करणारा एक रोग आहे. आपल्या सुशिक्षित कुटुंबांतही त्याविषयीं फारशी माहिती नसते. मधुमेह, दमा, संधिवात यांचीं नांवें मुलांनासुद्धां ठाऊक असतात. ह्या रोगाचें नांव मात्र पुष्कळांच्या कानांवर प्रथम येतें तें निदान झाल्यावरच, आणि तोंपर्यंत कित्येकदां वर्षेंच्या वर्षें निघून गेलेलीं असतात. रोग विरळा आहे. पण त्याची चाहूल घरच्या माणसांना डॉक्टरांच्याही आधीं लागूं शकते, आणि ती वेळेवर लागली तर पुष्कळ हानि टळते. निदान करणें हें डॉक्टरांचें काम होय; परंतु पाहणें आणि पाहिलेलें वेळीं सांगणें हें घराचें काम आहे. म्हणून ह्या रोगाचीं लक्षणें, आणि तीं तशीं कां उद्भवतात त्याचीं कारणें, येथें सांगण्याचें योजिलें आहे.

नांव आणि स्वरूप

ह्या रोगास पाश्चात्य वैद्यकांत 'सिरिंगोमायलिया' म्हणतात. ग्रीक भाषेंत 'सिरिंक्स' म्हणजे बोरूची पोकळ नळी किंवा पांवा, आणि 'मायलोस' म्हणजे मज्जा. सिरिंक्स नांवाची एक वनदेवता पॅन देवाच्या हातीं सांपडूं नये म्हणून बोरू झाली, आणि त्या देवानें त्याच बोरूचा पांवा केला, अशी ग्रीक पुराणांत कथा आहे. इंजेक्शनाच्या 'सिरिंज'चें नांवही ह्याच शब्दावरून पडलें. फ्रान्समधील ओलिव्हिए नामक वैद्यानें १८२७ सालीं मज्जारज्जूंत आढळणाऱ्या नळीसारख्या पोकळीस हें नांव दिलें. मराठींत त्यास 'मज्जारज्जूंतील पोकळीचा रोग' असें म्हटलें तरी अर्थ पुरता कळतो.

मज्जारज्जु ही मेंदूच्या बुडाशीं सुरू होऊन कण्याच्या नळींतून कमरेच्या वरच्या मणक्यांपर्यंत उतरणारी मज्जेची दोरी आहे. प्रौढ मनुष्यांत तिची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर, आणि जाडी फार तर करंगळीएवढी. एवढ्याशा दोरींतून सर्व अंगाच्या जाणिवा वर चढतात आणि मेंदूच्या आज्ञा खालीं उतरतात. ह्या दोरीच्या गाभ्यांत पाण्यासारख्या द्रवानें भरलेली लांबट पोकळी उत्पन्न होते, आणि ती सावकाश, बहुधा वर्षानुवर्षें, वाढत जाते. हाच तो रोग होय. बहुतेक वेळां ही पोकळी मानेच्या भागांत असते आणि तेथून खालीं छातीच्या भागाकडे पसरते. लक्षणें बहुधा वयाच्या विसाव्या आणि चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान प्रकट होतात. म्हणजे ज्या वयांत पुरुष कर्ता असतो आणि स्त्री घराचा सारा भार वाहत असते, नेमक्या त्याच वयांत.

जाणिवेच्या दोन वाटा

ह्या रोगाचें मुख्य लक्षण इतकें चमत्कारिक आहे कीं, त्याचें कारण कळल्यावांचून त्यावर विश्वास बसत नाहीं. म्हणून आधीं कारण पाहूं.

आपण 'स्पर्श' ह्या एकाच शब्दांत कितीतरी जाणिवा कोंबतों. कापूस अंगाला लागला, टांचणी टोंचली, पेला गरम लागला, डोळे मिटले असतां बोट वांकलेलें आहे कीं सरळ आहे हें कळलें. ह्या सर्वांस आपण स्पर्शच म्हणतों. परंतु मज्जारज्जूंत ह्यांच्या वाटा निराळ्या आहेत. हलका स्पर्श, कंप आणि अवयवांची ठेवण ह्यांची जाणीव, ज्या बाजूनें शिरली त्याच बाजूनें, मज्जारज्जूच्या पाठीमागच्या भागांतून सरळ वर जाते. दुःख आणि शीतोष्ण ह्यांची जाणीव मात्र आंत शिरल्यावर लौकरच मधला गाभा ओलांडून पलीकडच्या बाजूस जाते, आणि मग वर चढते. ओलांडण्याची ही जागा मज्जारज्जूच्या अगदीं मध्याजवळ आहे.

आतां पोकळी बहुधा सुरू होते तीही ह्याच मध्यांत. त्यामुळें ती वाढूं लागली म्हणजे सर्वांत आधीं तुटतात ते हे ओलांडणारे धागे. मागची वाट शाबूत राहते. परिणाम असा होतो कीं, मनुष्याला हातांत पेला आहे हें कळतें. तो गुळगुळीत आहे कीं खरबरीत हेंही कळतें. पण त्यांतला चहा कढत आहे कीं निवलेला आहे, हें कळत नाहीं. कापसाचा स्पर्श समजतो, आणि सुई टोंचली तर केवळ कांहीं तरी लागलें एवढेंच समजतें, दुखत नाहीं. एकाच कातड्यावर एक जाणीव जागी आणि दुसरी निजलेली, अशी ही स्थिति आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत शुल्झ आणि काहलर ह्या वैद्यांनीं ही खूण नीट वर्णन केली, आणि तेव्हांपासून जिवंतपणीं ह्या रोगाचें निदान करणें शक्य झालें.

ज्या उंचीवर पोकळी असते, त्याच उंचीवरून येणारे धागे तुटतात. म्हणून बधिरता सर्वांगास येत नाहीं. ती बहुधा दोन्ही हात, खांदे, मानेची मागची बाजू आणि छाती-पाठीचा वरचा भाग एवढ्यावरच असते. अंगावरून शाल पांघरावी आणि ती जेवढ्या भागावर पडेल तेवढाच भाग बधिर व्हावा, असा तो प्रकार आहे. आरंभीं ही शाल एकाच खांद्यावर असते. म्हणजे लक्षण एकाच हातांत दिसतें. मधुमेहानें येणारी बधिरता बहुधा पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा चढावा तशी वर चढते. ह्या रोगाची बधिरता हातांत आणि खांद्यांवर सुरू होते. घरच्यांनीं हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

घरांत दिसणारीं लक्षणें

पहिली खूण स्वयंपाकघरांत सांपडते. गरम पातेलें उघड्या हातानें उतरविणाऱ्या स्त्रीचें आपल्याकडे कौतुक होतें. 'कामाचा हात आहे, राठ झाला,' असें म्हणतात, आणि बहुधा तें खरेंही असतें. परंतु बोटांवर फोड आलेला आहे, कातडें भाजलेलें दिसतें आहे, आणि कोठें व केव्हां भाजलें हें जिचें तिलाच सांगतां येत नाहीं, असें घडलें तर कौतुक तेथेंच थांबवावें. राठ हाताला चटका कमी लागतो. पण फोड येईपर्यंत कांहींच कळत नाहीं, असें राठपणानें होत नाहीं. पुरुषांत हीच खूण विडी-सिगारेटनें भाजलेल्या बोटांवर, किंवा इस्त्रीच्या आणि मोटारीच्या तापलेल्या भागाच्या डागांवर दिसते. स्नानाच्या वेळीं एका हाताला पाणी कढत आणि दुसऱ्याला तेंच कोमट लागतें, अशी तक्रार कोणी केली, तर ती हसण्यावारी नेऊं नये.

दुसरी खूण पहिलीच्या अगदीं उलट भासते. बाहेरचें दुःख ज्यास कळत नाहीं, त्या मनुष्याला आंतून मात्र दुखत असतें. मान, खांदे, हात किंवा पाठीचा वरचा भाग ह्यांत खोल ठणका, आग किंवा मुंग्या येतात. आणि ज्या भागाला चटका कळत नाहीं, त्याच भागांत ही आग असते. रोगी हें सांगतो तेव्हां घरच्यांस तो ढोंग करतो असें वाटतें. तें ढोंग नव्हे. दुखविलेली मज्जा स्वतःच दुःखाचे खोटे निरोप मेंदूकडे पाठवीत असते, म्हणून असें होतें.

तिसरी खूण हाताच्या रेखीवपणांत दिसते. पोकळी पुढच्या बाजूस सरकली म्हणजे स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशी नष्ट होऊं लागतात. तळहातावरील आंगठ्याचा उंचवटा बसतो. हाताच्या पाठीमागें बोटांच्या हाडांमध्यें खळगे पडतात. सदऱ्याची गुंडी लावणें, सुईंत दोरा ओंवणें, कुलपांत किल्ली फिरविणें, टांकानें लिहिणें ह्या गोष्टी जड जातात. पुढें बोटें वांकून हात पंज्यासारखा होतो. कधीं कधीं स्नायु आपोआप फुरफुरतात.

चौथी खूण चालण्यांत. पोकळी बाजूंना पसरून पायांकडे जाणाऱ्या वाटा दाबूं लागली म्हणजे पाय ताठर होतात, चालतांना अडखळतात, जिना उतरतांना अवघडतात. हात सैल आणि रोडके, पाय ताठर आणि जड, असा हा विरोध डॉक्टरांच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. मूत्राचा व शौचाचा ताबा कमी होणें हें बहुधा उशीरां येणारें लक्षण होय. पण तें दिसल्यास एक दिवसही दवडूं नये.

पांचवी खूण खोकल्याची. खोकतांना, शिंकतांना, हंसतांना किंवा जड वस्तु उचलतांना डोक्याच्या मागच्या बाजूस, मानेच्या वर, एकदम कळ येऊन कांहीं क्षणांत वा मिनिटांत ओसरणें, ही गोष्ट पित्ताची म्हणून सोडून देऊं नये. ह्या रोगाच्या मुळाशीं जें कारण फार वेळां असतें, त्याची ती खूण आहे. तें कारण पुढें येईल.

ह्यांखेरीज आणखी कांहीं चिन्हें आहेत. एका डोळ्याची पापणी किंचित् खालीं येते आणि त्याच डोळ्याची बाहुली लहान राहते. चेहऱ्याच्या किंवा अंगाच्या एकाच बाजूस घाम येत नाहीं, किंवा अतिशय येतो. खांदा किंवा कोंपर एकाएकीं सुजतें, आंतून करकरतें, सांधा सैल होतो, आणि आश्चर्य हें कीं, इतका मोडलेला सांधा फारसा दुखत नाहीं. पोकळी वर मेंदूच्या बुडापर्यंत गेली तर आवाज बसतो, घांस घशांत अडकतो, जीभ एका बाजूनें रोडावते, चेहरा बधिर होतो, चक्कर येते.

मुलांच्या पाठीकडे लक्ष

लहान मुलांत हा रोग पुष्कळदां हातापेक्षां आधीं पाठींत दिसतो. कणा एका बाजूस झुकूं लागतो. शाळेंत कवाईतीच्या रांगेंत उभ्या असलेल्या मुलांकडे मागून पाहिलें म्हणजे एखाद्याचा एक खांदा वर, एक खालीं दिसतो. 'दप्तर एकाच खांद्यावर घेतो म्हणून' असें निदान आम्ही शिक्षक मंडळी सहज करतों. पण मुलास सदरा काढून, पाय जुळवून, दोन्ही हात जोडून पुढें वांकावयास सांगावें. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षां उंच उचललेली दिसली, तर तो दप्तराचा दोष नव्हे. कण्याचा असा बांक बहुतेक वेळां अन्य कारणांनीं होतो आणि त्यांत मज्जारज्जु निर्दोष असतो, हें खरें. परंतु बांक दहा वर्षांच्या आंतल्या मुलांत असेल, लौकर लौकर वाढत असेल, डाव्या बाजूस असेल, किंवा त्याबरोबर डोकेंदुखी वा हातपायांची अशक्तता असेल, तर पोकळीचा शोध घेणें अवश्य ठरतें.

महारोगाचा भ्रम

बधिर हात, न दुखणारे फोड, वांकलेलीं बोटें हीं ऐकतांच आपल्याकडे मनांत पहिली शंका येते ती महारोगाची. ह्यांत नवल नाहीं. सुश्रुतानेंही कुष्ठाच्या लक्षणांत स्पर्शहानीची गणना केली आहे. आणि हा घोंटाळा आपल्याच देशांत झाला असेंही नाहीं. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत लानिलिस ह्या गांवीं मोर्व्हां नांवाचे डॉक्टर होते. आपल्या कांहीं रोग्यांच्या हातांस पुन्हां पुन्हां नखुरडीं होतात, तीं ठणकत नाहींत, आणि हळूहळू बोटांचीं पेरें झडतात, असें त्यांनीं १८८३ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें ह्या रोग्यांपैकीं पुष्कळांस मज्जारज्जूंतील पोकळीचाच रोग असावा, असें मत झालें. पण कॉन्स्टँटिनोपलचे झांबाको पाशा यांनीं 'हा तर महारोगच' असा पक्ष हिरीरीनें मांडला, आणि हा वाद पुष्कळ गाजला.

दोहोंतील भेद मात्र तपासणारास कळण्यासारखा आहे. महारोगांत कातडीवर फिकट किंवा तांबूस चट्टे बहुधा असतात. कोंपराच्या मागून जाणारी नस दोरीसारखी जाड लागते. आणि बधिर भागांत हलका स्पर्शही कळेनासा होतो. पोकळीच्या रोगांत चट्टे नसतात, नसा जाड होत नाहींत, हलका स्पर्श पुष्कळ काळ राहतो. हातांतील स्नायूंच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंद किंवा नाहींशा होतात, आणि पायांतील वाढतात.

येथें एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. पोकळीचा रोग सांसर्गिक नाहीं. तो एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. आणि ज्याची भीति आपण बाळगतों तो महारोगही आतां पूर्ण बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं पुरस्कारिलेली अनेक औषधांची एकत्र योजना सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते, आणि बहुधा सहा महिने किंवा एक वर्ष एवढाच काळ घ्यावी लागते. औषधें सुरू झाल्यावर संसर्गाचें भयही लौकरच ओसरतें. सेवाग्रामांत महात्मा गांधींनीं संस्कृतज्ञ परचुरे शास्त्री यांची स्वहस्तें शुश्रूषा केली, तेव्हां हीं औषधें नव्हतीं. आज तीं असतांना भीतीनें हात लपविण्यास कोणतें कारण उरलें? 'लोक काय म्हणतील' ह्या धास्तीनें बधिर हात पदराखालीं झांकून ठेवणाऱ्या घराचें दोन्ही बाजूंनीं नुकसान होतें. महारोग असेल तर बरा होण्याचा काळ जातो. नसेल तर मज्जारज्जु वांचविण्याचा.

पोकळी कां होते

मेंदू आणि मज्जारज्जु ह्यांच्या भोंवतीं एक निर्मळ द्रव खेळत असतो. कोणत्याही एका वेळीं तो सुमारें १५० मिलिलिटर असतो; परंतु रोज सुमारें ५०० मिलिलिटर नवा तयार होतो आणि जुना शोषला जातो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हा द्रव कवटीच्या तळाशीं असलेल्या मोठ्या छिद्रांतून मानेकडे थोडा उतरतो आणि पुन्हां वर येतो. ही ये-जा कोठें अडली म्हणजे दाबाचा तोल बिघडतो, आणि त्यांतून मज्जारज्जूच्या आंत द्रव सांठूं लागतो.

अडथळ्याचें सर्वांत नेहमींचें कारण प्रागचे हान्स कियारी यांनीं १८९१ सालीं वर्णिलेलें आहे, आणि त्यांच्याच नांवानें तें ओळखलें जातें. त्यांत लहान मेंदूचीं खालचीं टोकें त्या छिद्रांतून मानेकडे उतरलेलीं असतात आणि बुचाप्रमाणें वाट अडवितात. खोकला आला कीं हें बूच जोरानें दाबलें जातें. म्हणूनच वर सांगितलेली कळ येते. ओल्डफील्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं दाखविलें कीं, हीं टोकें ठोक्यागणिक पंपाच्या दट्ट्यासारखीं हलून द्रव मज्जारज्जूंत रेटतात. बहुतेक वेळां ही ठेवण जन्मतःच असते, आणि ती असलेल्या प्रत्येकास पोकळी होतेच असें नाहीं.

दुसरें कारण कण्याचा अपघात. झाडावरून पडणें किंवा मोटारीचा अपघात होऊन मज्जारज्जु दुखावला, तर महिन्यांनीं, कधीं कित्येक वर्षांनींही, तेथें पोकळी होऊं शकते. असा मनुष्य स्थिरावलेला असतां बधिरता वर चढूं लागली किंवा नवीन वेदना सुरू झाली, तर ती जुन्या दुखण्याची बाकी समजूं नये. मेंदूच्या आवरणांचा दाह, विशेषतः क्षयजन्य दाह, आणि मज्जारज्जूंतील गांठ हीं आणखी कारणें होत.

परीक्षा आणि उपचार

पूर्वीं ह्या रोगाची खात्री करणें अवघड होतें. आज एम. आर. आय. ह्या चुंबकीय चित्रणानें पोकळीची लांबी, रुंदी आणि बहुधा तिचें कारणही स्पष्ट दिसतें. ह्या शोधाबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. केवळ मानेचें चित्र पुरत नाहीं; डॉक्टर बहुधा मेंदूचें आणि संपूर्ण कण्याचेंही चित्र घेतात, आणि गांठीची शंका असल्यास शिरेंतून औषध देऊन तें पुन्हां काढतात. 'मणक्यांत गॅप आहे' किंवा 'स्पॉन्डिलायटिस आहे' असें सांगून वर्षानुवर्षें गळपट्टा वापरणाऱ्यांत असा एखादा रोगी दडलेला असतो. म्हणून मानेच्या दुखण्याबरोबर शीतोष्ण कळेनासें झालें असल्यास न्यूरॉलॉजिस्टचा, म्हणजे मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाचा, सल्ला घ्यावा.

उलट दिशेनेंही एक सावधगिरी हवी. दुसऱ्याच कारणासाठीं काढलेल्या चित्रांत मज्जारज्जूच्या मध्यांतील नैसर्गिक नळी जराशी रुंद दिसते, अहवालांत तसा शब्द येतो, आणि घर हवालदील होतें. लक्षणें नसतां आढळलेल्या बारीक पोकळीस बहुधा शस्त्रक्रिया लागत नाहीं. ठराविक काळानें पुन्हां चित्र काढून ती वाढते कीं नाहीं एवढें पाहतात.

लक्षणें वाढत असतील तर उपाय शस्त्रक्रियेचा. पोकळी निचरून टाकणें हा तिचा मुख्य हेतु नसून, द्रवाची अडलेली वाट मोकळी करणें हा असतो. कियारीच्या दोषांत डोक्याच्या मागील हाडाचा खालचा भाग, आणि बहुधा पहिल्या मणक्याची कमानही, काढून लहान मेंदूस जागा करून देतात. वाट मोकळी झाली म्हणजे पोकळी बहुधा आपोआप आकसते. गांठ असल्यास ती काढतात. अन्य उपाय नसेल तेव्हां बारीक नळी घालून द्रव दुसरीकडे वळवितात.

फळाविषयीं खरें तें सांगितलें पाहिजे. खोकल्याबरोबरची डोकेंदुखी ह्या शस्त्रक्रियेनें पुष्कळांची बरी होते. रोगाची वाढ बहुतेकांत थांबते. परंतु गेलेली शीतोष्णाची जाणीव आणि वाळलेले स्नायु पुष्कळदां पूर्ववत् होत नाहींत. ह्याचा अर्थ इतकाच कीं, जें आज शाबूत आहे तें राखण्यासाठीं हा उपाय आहे. आणि म्हणूनच एका वर्षाच्या विलंबाची किंमत हाताच्या एकेका कामानें मोजावी लागते.

घरांतील दक्षता

शंका आल्यास घरांत एक साधी परीक्षा करतां येते. दोन वाट्या घ्याव्यात. एकींत गार पाणी आणि दुसरींत कोमट पाणी, कढत नव्हे. ज्याची परीक्षा करावयाची त्यास डोळे मिटावयास सांगून वाट्यांचीं बुडें त्याच्या हातांस, दंडांस, खांद्यांस आणि मग तुलनेसाठीं मांड्यांस लावावीं, आणि गार कोणती व कोमट कोणती हें विचारावें. नंतर कापसाचा बोळा हळूच फिरवून स्पर्श कळतो कीं नाहीं तें पहावें. कापूस कळतो आणि गार-कोमट कळत नाहीं असें आढळलें, तर तें कागदावर टिपून डॉक्टरांकडे न्यावें. सुया टोंचून किंवा चटके देऊन कोणीही घरीं परीक्षा करूं नये.

ज्याची जाणीव गेली आहे त्याचे डोळे हेच आतां त्याचे राखणदार झाले पाहिजेत. शेगडीजवळ सांडशी किंवा जाड फडकें घेतल्यावांचून भांड्यास हात लावूं नये. स्नानाचें पाणी घरांतील दुसऱ्या कोणीतरी पाहून द्यावें. गरम पाण्याची पिशवी बधिर भागावर ठेवून निजूं नये. झोंपेंत कातडें भाजलें तरी जाग येत नाहीं. रोज रात्रीं हातांचे पंजे, बोटांच्या फटी आणि कोंपरें उजेडांत पहावीं, आणि लहानशी जखमही धुवून झांकावी. दुखत नाहीं म्हणून जखम किरकोळ, हा हिशेब ह्या घरांत चालत नाहीं.

त्याबरोबरच द्रवाचा दाब एकाएकीं वाढेल अशा गोष्टी टाळाव्यात. जड पिंपें व पोतीं उचलूं नयेत. मलावरोध व जुनाट खोकला यांवर वेळीं औषध घ्यावें. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान कडाकड मोडून घेण्याची हौस कित्येकांस असते, ती सोडावी. आणि शीर्षासन डॉक्टरांच्या अनुमतीवांचून करूं नये. ह्या रोगानें पीडित असलेल्या स्त्रीस दिवस गेले असतील, तर तिच्या प्रसूतीच्या डॉक्टरांस आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांस आरंभींच सर्व सांगून ठेवावें; बाळंतपणांतील जोर आणि पाठींतून देण्याची भूल या दोन्ही गोष्टींचा विचार त्यांस आधीं करावा लागतो.

एकत्र कुटुंबांत एका माणसाचें दुखणें दहा माणसांच्या दृष्टीस पडतें. ही मोठी सोय आहे. पण त्याच कुटुंबांत सोसण्याची कीर्तिही फार गाइली जाते, आणि 'मला कांहीं होत नाहीं' म्हणणारी सून वा मुलगा सर्वांचा लाडका होतो. सहनशीलता हा सद्गुण आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु जेथें दुःख जाणवतें आणि तरी मनुष्य तें सोसतो, तेथेंच तो सद्गुण. जेथें दुःख जाणवतच नाहीं, तेथें सोसण्यासारखें कांहीं नसतें. तेथें पाहण्यासारखें मात्र पुष्कळ असतें. तेव्हां यापुढें घरांत कोणाचा हात भाजलेला दिसला, तर 'फार पोळलें का?' एवढें विचारून थांबूं नये. 'पोळलेलें तेव्हांच कळलें का?' हेंही विचारावें. उत्तर नकारार्थी आलें, तर तो हात तसाच डॉक्टरांस दाखवावा.